ऐकू न येणारे रडणे

वाचकहो, दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट आहे. मुळशी तालुक्यात पौडच्या पुढे, धरणाच्या बाजूला असलेल्या एका गावात माझ्या परिचयाचे एक कुटुंब राहते. ताम्हिणी घाटाच्या अलीकडे आषाढातला पाऊस कसा असतो, हे त्या वाटेने गेलेल्यांना सांगावयास नको. अशाच एका रात्री त्या घरच्या सुनेला तीस आठवडेही पूर्ण झालेले नसताना कळा सुरू झाल्या. पिरंगुट, भूगाव, चांदणी चौक करीत गाडी पुण्यात पोहोचली आणि पहाटे बाळ जन्मले. वजन बाराशे ग्रॅम. त्याला लगेच काचेच्या पेटीत ठेवण्यात आले.

तिसऱ्या दिवशी मी भेटावयास गेलो, तेव्हा बाळाचे आजोबा बाहेरच्या बाकावर तसबीह घेऊन बसले होते आणि आई काचेला लागून उभी होती. आत परिचारिका बाळाच्या टाचेला सुई टोचून तपासणीसाठी रक्त घेत होती. बाळाच्या घशात श्वासाची नळी होती. त्याचे तोंड रडण्यासाठी उघडले, कपाळ आक्रसले, बोटे पसरली. पण आवाज आला नाही. आई म्हणाली, "चाचा, याला दुखत असेल ना?" मी काही बोलण्याआधीच आजोबा म्हणाले, "एवढ्याशा जिवाला काय कळतंय, पोरी? सब्र कर." थोड्या वेळाने, आजोबा नमाजला गेल्यावर, तिने मला हळूच दुसरा प्रश्न विचारला, "डॉक्टर त्याचा जीव वाचवताहेत. त्यांना दुखण्याबद्दल विचारलं तर ती नाशुक्री होईल का?"

त्या दिवशी मला तिला नीट उत्तर देता आले नाही. "दुआ करू या" एवढेच म्हणालो. दुआ करावीच, परंतु प्रश्नाला बगल देण्यासाठी दुआचा आधार घेणे बरे नव्हे, हे परतीच्या वाटेवर माझ्या मनाला टोचत राहिले. त्यानंतर जे वाचले, ज्यांना विचारले, ते आज आपल्यासमोर ठेवतो. हा प्रश्न एका घराचा नाही. 2020 साली जगात सुमारे 1 कोटी 34 लाख बालके दिवस भरण्यापूर्वी जन्मली आणि त्यांपैकी सुमारे 30 लाख आपल्या देशात. आपल्या वाचक कुटुंबांपैकी कित्येकांनी काचेची ती पेटी जवळून पाहिली असेल.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करू या. अपुऱ्या दिवसांचे मूल म्हणजे अर्धेमुर्धे माणूस, असा एक समज आपल्या बोलण्यात नकळत डोकावतो. "वाचले तर आपले", असे आपण म्हणतो. इस्लामच्या पहिल्या शतकातच या समजाचा निकाल लागलेला आहे. विवाहानंतर अवघ्या सहा महिन्यांनी बाळंत झालेल्या एका स्त्रीचे प्रकरण खलीफांपुढे आले होते. तिच्यावर दोषारोप होता. तेव्हा कुरआनच्या दोन ठिकाणांचा मेळ घालण्यात आला: सूरह अहकाफमध्ये गर्भधारणा व दूध तुटणे यांचा मिळून काळ तीस महिने सांगितला आहे, तर सूरह लुकमानमध्ये दूध तुटण्याचा काळ दोन वर्षे. तीसमधून चोवीस वजा केले की सहा उरतात. म्हणजे सहा महिन्यांचे मूल जिवंत जन्मू शकते, ते त्याच पित्याचे आहे आणि ती स्त्री निर्दोष आहे. हा युक्तिवाद काही रिवायतींत ह. अली (रजि.) यांचा, तर काहींत ह. इब्ने अब्बास (रजि.) यांचा म्हणून येतो. फकीहांनी तो स्वीकारला आणि सहा महिन्यांच्या जिवंत बालकाला वंश, वारसा, नाव, सर्व हक्क दिले. ज्याला वारसाहक्क आहे, त्याच्या वेदनेला हक्क नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

आता आजोबांच्या वाक्याकडे वळू. "एवढ्याशा जिवाला काय कळतंय?" हे वाक्य ऐकून आपण त्या वृद्ध गृहस्थांना अडाणी ठरवू नये, कारण चाळीस वर्षांपूर्वीपर्यंत जगातील मोठमोठे डॉक्टरही हेच म्हणत होते. 1985 साली अमेरिकेत वॉशिंग्टन येथे जेफ्री लॉसन नावाचे सव्वीस आठवड्यांचे बालक जन्मले. हृदयाजवळची एक रक्तवाहिनी बंद करण्यासाठी त्याच्यावर मोठी शस्त्रक्रिया झाली. त्याला हालचाल थांबवणारे औषध दिले गेले होते, वेदना थांबवणारे नव्हते. ते हलू शकत नव्हते, ओरडू शकत नव्हते, आणि सर्व काही जाणवत होते. बालक काही आठवड्यांनी मरण पावले. त्याच्या आईला, जिल लॉसन यांना, हे नंतर कळले. तिने विचारणा केली तेव्हा उत्तर मिळाले की, इतक्या लहान बाळांना वेदना जाणवतात याचा पुरावा नाही आणि भूल त्यांना सोसवत नाही. तिने गप्प बसणे नाकारले. वर्तमानपत्रांना पत्रे लिहिली, वैद्यकीय संस्थांना जाब विचारला. एका शोकाकुल आईच्या या चिकाटीने जे घडले, ते अनेक परिषदांना जमले नव्हते.

नेमक्या त्याच काळात इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे एक भारतीय डॉक्टर काम करीत होते. इंदूरच्या महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालयातून शिकून गेलेले डॉ. कंवलजीत आनंद यांच्या लक्षात आले की, शस्त्रक्रियेहून परतलेली अपुऱ्या दिवसांची बालके पार खचून जातात. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 साली दाखवून दिले की, ज्या बालकांना शस्त्रक्रियेच्या वेळी वेदनाशामक फेंटानिल मिळाले, त्यांच्या शरीरातील ताणाची प्रतिक्रिया पुष्कळ कमी होती आणि नंतरची गुंतागुंतही कमी होती. म्हणजे भूल सोसवत नाही म्हणून वेदना सोसू द्यावी, हे गणितच उलटे होते. सोसवत नव्हती ती वेदना. त्याच वर्षी अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही नवजातांना वेदनाशमन द्यावे असे जाहीर केले.

अपुऱ्या मज्जावेष्टनाचा जो मुद्दा तेव्हा पुढे केला जात होता, त्याचे उत्तर साधे आहे. मज्जातंतूवरील आवरण पूर्ण झालेले नसेल तर संदेश हळू जातो, थांबत नाही. आणि एवढ्याशा देहात त्याला जायचे तरी किती दूर असते? उलट वेदनेला आवर घालणारी यंत्रणा नंतर तयार होते. त्यामुळे मोठ्या माणसाला जी सुई टोचल्यासारखी वाटते, ती या बाळाला त्याहून अधिक लागत असावी.

येथे माझ्या वाचनात आलेली एक जुनी गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. इल्मे कलामच्या विद्वानांमध्ये, म्हणजे धर्मतत्त्वांची बौद्धिक चर्चा करणाऱ्यांमध्ये, एक प्रश्न शतकानुशतके गाजला: निष्पाप बालकांना वेदना का होतात? मोतझिला म्हणत, अल्लाह न्यायी आहे, तो त्यांना याचा मोबदला अवश्य देईल. अशअरी म्हणत, तो मालिक आहे, त्याला जाब विचारणारे आपण कोण? दोन्ही पक्षांचे पटले नाही. पण बालकाला वेदना होते, याबद्दल दोघांचे एकमत होते. बसऱ्याचे प्रसिद्ध जाहिद अब्दुल वाहिद बिन जैद यांचा भाचा बक्र याने मात्र तिसरीच वाट काढली. तो म्हणे, पाळण्यातल्या मुलांना वेदना होतच नाहीत, त्यांचे तुकडे केले तरी नाही! अब्दुल काहिर बगदादी यांनी भरकटलेल्या पंथांची जी नोंद केली आहे, तीत बक्रच्या या मताचाही समावेश आहे.

बक्र असे का म्हणाला असेल? तो क्रूर होता असे मला वाटत नाही. अल्लाहच्या न्यायावर त्याची श्रद्धा होती आणि बाळाची वेदना त्या श्रद्धेच्या चौकटीत त्याला बसवता येईना. म्हणून त्याने वेदनाच पुसून टाकली. विसाव्या शतकातील शल्यचिकित्सकांना एवढ्याशा जिवाला सुरक्षितपणे भूल कशी द्यावी हे कळत नव्हते. त्यांनीही वेदनाच पुसून टाकली. आणि बाकावर बसलेल्या त्या आजोबांना नातवाची तडफड पाहवत नव्हती. तसबीहचे मणी ओढणारी त्यांची बोटे थरथरत होती, हे मी पाहिले आहे. जिचे काही करता येत नाही ती वेदना नाहीच, असे म्हणणे ही माणसाच्या मनाची फार जुनी पळवाट आहे.

राहिला सब्र. आपल्या बयानांतून ह. उर्वा बिन जुबैर (रह.) यांचा प्रसंग आपण ऐकलेला असतो. त्यांचा पाय सडला, तो कापण्यावाचून गत्यंतर नव्हते. बधिर करणारे पेय पुढे आणले गेले, ते त्यांनी नाकारले आणि अल्लाहच्या स्मरणात राहून पाय कापू दिला. ऐकणाऱ्याचे अंग शहारते. परंतु वाचकहो, तो निर्णय कोणाचा होता आणि पाय कोणाचा होता? उर्वा प्रौढ होते, आलिम होते, नकार देण्याचा अधिकार त्यांचा होता. त्यांनी दुसऱ्या कोणाचा पाय विनाभूल कापावयास सांगितला, असे इतिहासात कोठेही नाही. सब्र ही स्वतःच्या खिशातून द्यावयाची वस्तू आहे. दुसऱ्याच्या, त्यातही नकार देऊ न शकणाऱ्याच्या खिशातून ती काढून आपण दानशूर होऊ शकत नाही.

"वेदनेने गुनाह धुतले जातात" असेही म्हटले जाते, आणि काटा टोचला तरी मोमिनाचे पाप झडते या आशयाची हदीस सहीह आहे. त्यात आजारी माणसाला फार मोठा दिलासा आहे. पण तिसऱ्या दिवसाच्या बाळाचे कोणते गुनाह? बालकावरून कलम उचललेले आहे, हेही प्रेषितांनीच (स.) सांगितले आहे. ज्याच्या खात्यावर काही मांडलेलेच नाही, त्याच्याकडून वसुली कशाची? मोठ्यांच्या वेदनेला जो दिलासा आहे, तो आपण बाळाच्या वेदनेवर पांघरूण म्हणून वापरतो, तेव्हा हदीसचा आदर होत नाही, आपली सोय होते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी प्रत्येक गोष्टीत एहसान, म्हणजे उत्तम रीतीने वागणे, अनिवार्य असल्याचे सांगितले आणि त्याचे उदाहरण कोणते दिले? जनावर जबह करण्याचे! सुरी धारदार करून घ्यावी आणि जनावराला आराम द्यावा, असा सहीह मुस्लिममधील त्या हदीसचा आशय आहे. दर बकरी ईदला आपण ती ऐकतो आणि आदल्या रात्री सुरीला धार लावून घेतो. ज्याचा प्राण जाणार आहे, त्याच्याही वेदनेची इतकी काळजी असेल, तर ज्याचा प्राण वाचवावयाचा आहे, त्याच्या टाचेचे काय? मला या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी फार मोठ्या ग्रंथांची गरज वाटली नाही.

आणखी एक हदीस आपणा सर्वांना पाठ आहे. नमाज लांबवण्याचा विचार असतानाही मागून मूल रडल्याचा आवाज आला की प्रेषित (स.) नमाज आवरती घेत, कारण त्या रडण्याने आईच्या जिवाची काय घालमेल होते हे ते जाणत. मस्जिदे नबवी, खुद्द प्रेषितांची इमामत आणि समोर उभा असलेला रब्ब; तरीही मुलाच्या रडण्याला तेथे जागा होती. त्या मुलाचे रडणे ऐकू येत होते. आपल्या या बाळाच्या घशात नळी आहे. त्याचे रडणे कानांनी नव्हे, डोळ्यांनी ऐकावे लागते.

तसे ऐकण्याची पद्धत आता परिचारिकांना शिकवली जाते: कपाळावर उठणारी गाठ, घट्ट मिटलेले डोळे, नाकाच्या कडेने ओठांकडे उतरणारी घडी, वाढलेले ठोके, घसरलेला प्राणवायू. यांवरून गुण देऊन वेदना मोजतात. आणि एक सावधगिरी: बाळ जितके अशक्त, तितकी ही लक्षणे पुसट. निपचित पडलेले बाळ शांत असेलच असे नाही, कदाचित विरोध करण्याचे बळ संपलेले असते.

या टोचण्या किती असतात? पॅरिस व आसपासच्या अतिदक्षता विभागांतील 430 नवजातांची नोंद 2008 साली प्रसिद्ध झाली. प्रत्येक बालकाच्या वाट्याला रोज साधारण दहा वेदनादायक क्रिया येत होत्या आणि त्यांतील सुमारे 80 टक्के क्रियांच्या वेळी वेदनाशमनाचा खास उपाय केलेला नव्हता. हे सुबत्तेच्या देशातले. तेव्हा केवळ पैशाअभावी हे घडते, असेही म्हणता येत नाही.

आता उपायांविषयी. मोठ्या शस्त्रक्रियेला भूल व वेदनाशामक औषधे हवीतच. त्यांत अफूच्या वर्गातील औषध असते म्हणून काही घरांत कुजबुज होते. उपचाराच्या गरजेपोटी, जाणत्या डॉक्टरच्या हातून दिलेल्या औषधाला नशा म्हणणे हा शरीअतचा विपर्यास आहे. पण रोजच्या सुयांसाठी जे उपाय आहेत, ते पाहून मी थक्क झालो, कारण त्यांतील बहुतेक उपाय विकत मिळतच नाहीत. आईचे काढलेले दूध थेंबभर जिभेवर लावणे. बाळ ओढू शकत असेल तर सुईच्या वेळी अंगावर पाजणे. दोन्ही हातांची ओंजळ करून बाळाचे हातपाय पोटाशी दुमडून धरणे, जसे ते गर्भात होते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुईच्या दोन मिनिटे आधी साखरेच्या द्रावणाचे काही थेंब देणे. वेगवेगळ्या तपासण्यांचे रक्त एकाच टोचणीत घेणे. आणि सर्वांत मोठा उपाय, आईच्या उघड्या छातीवर बाळाला उभे, त्वचेला त्वचा लावून ठेवणे. याला कांगारू पद्धत म्हणतात. ती कोलंबियातील बोगोटा शहरात 1978 च्या सुमारास, पेट्या कमी पडत होत्या म्हणून सुरू झाली. 2021 साली पाच देशांतील ज्या अभ्यासाचे निष्कर्ष आले, त्यात दिल्लीचे सफदरजंग रुग्णालयही होते. जन्मानंतर लगेच आईच्या छातीशी ठेवलेल्या कमी वजनाच्या बालकांतील मृत्यू एक चतुर्थांशाने कमी आढळले. टाचेला सुई टोचताना बाळ आईच्या छातीशी असेल तर त्याची वेदना कमी होते, हेही अनेक अभ्यासांतून दिसले आहे.

आपल्या घरांत येथे पर्द्याचा प्रश्न निघतो. तो खराही आहे, वॉर्डात ये-जा असते. पण पडदा लावून मिळतो, सैल अंगरखा चालतो, वरून दुपट्टा घेता येतो. मागितले पाहिजे. आई ताप किंवा टाक्यांमुळे बसू शकत नसेल तर बाप बसू शकतो. त्याच्या छातीलाही तीच ऊब असते.

साखरेच्या थेंबांवरून कोणाला तहनीक आठवेल. ह. अस्मा (रजि.) यांचे पुत्र अब्दुल्लाह, वर आलेल्या उर्वांचे थोरले बंधू, यांच्या टाळूला प्रेषितांनी (स.) खजूर चावून लावला होता. परंतु "विज्ञानाने हदीस सिद्ध केली" अशी आरोळी ठोकण्याची घाई करू नये. सुन्नत प्रयोगशाळेच्या दाखल्यावर उभी नाही. शिवाय हे शास्त्रही अजून वाटेत आहे: 2010 साली लंडनमध्ये मेंदूचे आलेख काढले गेले, तेव्हा साखरेने चेहऱ्यावरची वेदना कमी दिसली, मेंदूतील संदेश मात्र तसाच होता. आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या तोंडात डॉक्टरांना न विचारता खजूर किंवा मध घालणे धोक्याचे आहे. मध तर एक वर्षाच्या आत कोणत्याच बाळाला देऊ नये. तहनीकला थोडे थांबता येते.

रुग्णालयांकडे बोट दाखवताना एक बोट स्वतःकडेही वळते. खतना. कित्येक घरांत तो आजही भूल न देता, चार जणांनी हातपाय धरून होतो आणि मुलाच्या किंकाळीवर मोठे लोक हसतात. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले की, बधिर न करता खतना झालेली मुले चार-सहा महिन्यांनंतर लस टोचतानाही अधिक रडली. बुद्धी विसरते, शरीर विसरत नाही. खतना सुन्नत आहे; किंकाळी सुन्नत नाही. बाळ अशक्त असेल तर खतना लांबवावा, असे जुन्या फकीहांनीही लिहून ठेवले आहे, आणि जागा बधिर करणारे इंजेक्शन आज तालुक्याच्या गावीही मिळते. ते मागावयास संकोच कसला?

त्या मातेच्या प्रश्नाकडे परत येतो. विचारणे नाशुक्री नाही. बाळ आईबापांकडे अमानत आहे आणि अमानतीबद्दल विचारपूस करणे हे अमीनाचे कर्तव्य होय. फक्त विचारण्याची रीत असावी. रात्रपाळीत एकेका परिचारिकेकडे कितीतरी बाळे असतात. तिच्यावर ओरडून काही साधत नाही. "सिस्टर, सुईच्या वेळी मी त्याला धरू का?" हा प्रश्न तक्रार नाही, मदत आहे.

हे मी तिला पुढच्या भेटीत सांगितले. तिने चौथ्या की पाचव्या दिवशी तोच प्रश्न विचारला. एका परिचारिकेने "आत येता येणार नाही" म्हणून परतवले; रात्रपाळीच्या दुसरीने हात धुवायला लावून, आत घेऊन, ओंजळ कशी करावयाची ते दाखवले. पुढे नळी निघाली, बाळ छातीशी आले. सात आठवड्यांनी ते घरी गेले.

परवा लसीकरणाच्या दिवशी मला ते कुटुंब दवाखान्यात भेटले. रांग मोठी होती आणि लस देणारी ताई घाईत होती. आई कोपऱ्यात दुपट्टा ओढून बाळाला पाजावयास बसली होती. आजोबा त्यांच्याकडे पाठ करून, दाराकडे तोंड करून उभे होते. ताईने नाव पुकारले, सुई भरून ती पुढे झाली, तेव्हा तिच्याकडे न पाहताच त्यांनी हात वर केला. "जरा थांबा, ताई. त्याला आधी तोंडात घेऊ द्या."